कांपाल ते मिरामार व्हीलचेअरने जायचे आहे: वाट नेमकी कोठे तुटते?

मांडवीकाठ

नमस्कार. माझे थोरले बंधू व्हीलचेअर वापरतात आणि आमचे घर पणजीत कांपालला आहे. संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन यावे, आणि तेही कोणी न ढकलता, स्वतःच्या हातांनी चाके फिरवत, असे त्यांच्या मनात आहे. अंतर दोन किलोमीटरांच्या आतले आहे, चढ म्हणावा असा कोठेच नाही, जाताना मांडवी नदी उजव्या हाताला राहते आणि कांपालच्या जुन्या वर्षावृक्षांची सावलीही बरीच मिळते. आल्तिनो टेकडीचा चढ टाळून कोठे जायचे असेल, तर कांपालहून मिरामारला नेणाऱ्या दयानंद बांदोडकर मार्गाइतका सपाट आणि सरळ रस्ता पणजीत दुसरा नाही, असे नकाशा पाहून कोणीही म्हणेल.

गाडीतून जाणाऱ्याला ही वाट अखंड दिसते, पण व्हीलचेअरवर बसलेल्याला ती तुकड्यातुकड्यांनी भेटते. त्यातले काही तुकडे फार चांगले आहेत, आणि म्हणूनच ‘कांपालचा फुटपाथ किती छान झाला आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. वाट तुटते ती सांध्यांवर. फाटकासमोर फुटपाथ खाली उतरतो आणि पलीकडे वर चढायला उतारच नसतो. झाडाच्या मुळाने लाद्या उचललेल्या असतात. विजेचा खांब अशा जागी उभा असतो की त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून पुरेशी जागा असली तरी एका बाजूला पुरेशी नसते. मला वाटते, अशा रस्त्याची पारख त्याच्या सर्वांत रुंद नव्हे, तर सर्वांत अरुंद जागेवरून करायला हवी. साधी व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, चाके फिरवणाऱ्याच्या कोपरांना दोन्हीकडे थोडी जागा लागते, म्हणजे ९० सेंटिमीटर मोकळी वाट मिळाली तरच माणूस न अडखळता पुढे जातो. एक किलोमीटर उत्तम फुटपाथ आणि मध्ये ६० सेंटिमीटरची एकच फट, असा रस्ता त्यांच्या दृष्टीने बंदच आहे.

या मार्गावरून रोज चालणाऱ्यांनी आपापल्या माहितीतले सांधे येथे लिहावेत, ही विनंती. चांगल्या भागांचे वर्णन नसले तरी चालेल.

निवृत्त आरेखक

विषय नेमका मांडला आहे. नोकरीची बरीच वर्षे रस्त्यांचे आराखडे काढण्यात गेल्यामुळे थोडे तांत्रिक लिहितो.

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरांपेक्षा जास्त नसावी, असे म्हटले आहे. १.८ मीटर ही रुंदी हवेतून आलेली नाही. समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील, असा त्यामागचा हिशेब आहे. उताराचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या कडेवरून खाली येण्यासाठी १.८ मीटर लांबीचा उतार करावा लागतो. प्रत्यक्षात कंत्राटदार हात-दीड हात लांबीचा सिमेंटचा गोळा लावून मोकळा होतो. एवढ्या खड्या उतारावर वर चढताना व्हीलचेअर मागे उलटण्याची भीती असते आणि खाली येताना पाय ठेवायची पट्टी रस्त्याला आपटते.

उतार योग्य प्रमाणात बांधला, तरी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक ठिकाणी राहून जाते. उताराचे टोक आणि रस्ता यांच्यामध्ये बोटभर उंचीची कड उरते. व्हीलचेअरची मागची चाके मोठी असल्यामुळे ती ही कड सहज ओलांडतात, परंतु पुढची लहान चाके तिथे अडतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. दोन सेंटिमीटरांची ती कड पायी चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आता यात आपल्याकडच्या हॉटमिक्सची, म्हणजे डांबरीकरणाची, भर पडते. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला जातो, त्यामुळे रस्ता हळूहळू वर येतो आणि ज्या दिवशी बांधला त्या दिवशी बरोबर असलेला उतार काही वर्षांत खळग्यात जाऊन बसतो. पहिल्या पावसात तेथे पाणी साचते आणि त्याखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. पणजीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो; तेव्हा उताराच्या पायथ्याशी पाण्याला वाट काढून देणे ही चैन नव्हे.

फाटकांविषयी माझे मत बहुतेक रहिवाशांना आवडणार नाही, तरी लिहितो. फाटक आले की फुटपाथ खाली उतरवायचा, ही पद्धतच उलटी आहे. फुटपाथ आपल्या उंचीवर सरळ जावा आणि गाडीने त्यावर चढून आत जावे. गाडीला इंजिन असते.

सुरंगी

‘गाडीला इंजिन असते’ हे वाक्य आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर लावावे म्हणते.

माझा प्रश्न व्हीलचेअरचा नाही, तरी या धाग्यात बसेल असे वाटते. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते. तिच्या दृष्टीने कांपाल ते मिरामार हे अंतर किलोमीटरमध्ये मोजलेच जात नाही. ती ते बाकांमध्ये मोजते. एका बाकावरून उठताना पुढचा बाक दिसत असेल तर ती निघते, दिसत नसेल तर परत फिरते. बागेजवळ आणि नदीच्या कडेला बाक आहेत, परंतु जेथे ते खरोखर हवेत, म्हणजे दोन सावल्यांच्या मधल्या उन्हाच्या पट्ट्यात, तेथे ते सापडत नाहीत. बाकाला हात असावेत, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. बिनहाताच्या, बुटक्या, सुंदर दगडी बाकावर वृद्ध माणूस बसू शकतो. त्याला उठता येत नाही.

दुसरे म्हणजे स्वच्छतागृह. याविषयी चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, पण अनेक वयस्क बायका केवळ याच कारणासाठी फिरायला बाहेर पडत नाहीत. स्वच्छतागृह आहे एवढे पुरेसे नाही. त्याच्या दाराशी पायरी आहे का, दार आत उघडते की बाहेर, आत काठी टेकवून उभे राहता येते का, हे पाहावे लागते.

पांढरी काठी

मला डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि उजव्या डोळ्याने उजेड-अंधारापलीकडे फारसे कळत नाही. या मार्गाने मी एकटा जातो. वरच्या प्रतिसादांशी मी सहमत आहे, परंतु एका बाबतीत माझी गरज मांडवीकाठ यांच्या बंधूंच्या गरजेच्या थेट विरुद्ध आहे आणि ती येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

व्हीलचेअरला फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवर हवा असतो, तर फुटपाथ संपला हे मला कळते ते त्याच्या कडेमुळेच. उतार इतका सफाईदार केला की काठीला काहीच लागत नाही, तर मी चालत चालत थेट वाहनांमध्ये जाऊन उभा राहीन. हा वाद पूर्वीच सुटलेला आहे, फक्त उत्तर अर्धवट उचलले जाते. उताराच्या तोंडाशी गोल उंचवट्यांच्या लाद्या बसवायच्या असतात. त्या ‘थांबा’ असे सांगतात. लांबट रेघांच्या लाद्या ‘असेच पुढे चला’ असे सांगतात. पायाखाली दोन्हींतला फरक स्पष्ट कळतो, बुटातूनही कळतो. मात्र बसवणाऱ्याला त्या लाद्या काय बोलतात हे माहीत नसेल, तर तो त्यांना पिवळी नक्षी समजतो. एका ठिकाणी (जागा मुद्दाम सांगत नाही, कारण पणजीत अशा अनेक जागा असतील) रेघांच्या लाद्या मला मोठ्या विश्वासाने घेऊन गेल्या आणि विजेच्या खांबापाशी सोडून मोकळ्या झाल्या. खांब आधीपासून तेथे होता; लाद्या नंतर बसल्या.

झाडांच्या फांद्या आणि फलक यांच्याविषयीही लिहायला हवे. काठी जमिनीवरचे अडथळे शोधते, छातीच्या वरचे नाही. फुटपाथवर झुकलेला जाहिरातीचा फलक मला पहिल्यांदा कपाळालाच लागतो.

रायबंदरकर

आपण सगळे मिरामारच्या मागे का लागला आहात, हे कळत नाही. सपाट रस्ताच हवा असेल तर पणजी ते रायबंदर हा लिन्हारिसचा पूल आहे. १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्हारिसच्या काउंटने तो बांधून घेतला, लांबी जवळपास तीन किलोमीटर, दोन्हीकडे पाणी आणि मिठागरांचा मोकळा देखावा. खाजनातून, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या सखल जमिनीतून, बांधलेला असल्यामुळे चढ-उताराचा प्रश्नच येत नाही. चारशे वर्षे टिकला आहे.

मांडवीकाठ

रायबंदरकर, सूचनेबद्दल आभार. पूल मलाही प्रिय आहे. परंतु तो बांधला तेव्हा त्यावरून माणसे आणि पालख्या जात होत्या, आज बस, ट्रक आणि दुचाकी जातात, आणि रस्त्याची रुंदी वाढवायला दोन्हीकडे जागाच नाही. सपाटी ही एक अट झाली. वाहनांपासून वेगळी, अखंड वाट ही दुसरी. दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग होत नाही. बंधूंना मी तेथून एकटे जाऊ देणार नाही.

पांढरी काठी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उताराचे मोजमाप घेताना उंचवट्यांच्या लाद्या आहेत की नाहीत हेही त्याच नोंदीत लिहायला हवे, नाहीतर आम्ही एकाची सोय मागून दुसऱ्याची अडचण करू.

म्हापशेकर

चर्चा वाचली. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. महापालिकेकडे पैसा मर्यादित असतो. मोजक्या लोकांसाठी सगळा रस्ता नव्याने करणे व्यवहार्य आहे का? शिवाय उतार केला की दुचाकीवाले फुटपाथवर चढतात. आमच्या म्हापशात बाजाराच्या दिवशी ते नेहमी पाहतो. ते रोखायला खुंट लावले की तुम्ही म्हणणार, व्हीलचेअर जात नाही.

सुरंगी

राग कसला, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि तो उघड विचारलेला बरा.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते. देशात केरळखालोखाल आपलाच क्रमांक लागत होता. त्यानंतरच्या वर्षांत ते वाढले असणार, कमी झालेले नाही. त्यात पाय मुरगळलेले, गरोदर स्त्रिया, बाबागाडी ढकलणारे आईबाप, चाकांची पेटी ओढत हॉटेल शोधणारे पर्यटक मिळवा. मग मोजकी माणसे कोणती, असा प्रश्न उरतो. बहुधा धडधाकट, मोकळ्या हातांनी चालणारीच.

निवृत्त आरेखक

दुचाकींचा मुद्दा मात्र म्हापशेकरांनी अचूक पकडला आहे, आणि त्यावर बांधकामातून पूर्ण उत्तर मिळत नाही हे मान्य करायला हवे. स्कूटरचे हँडल आणि व्हीलचेअर यांची रुंदी जवळजवळ सारखी असते. म्हणून ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्या फटीतून स्कूटरही जाते, आणि स्कूटर अडवणारी फट व्हीलचेअरलाही अडवते. दोन खुंटांमध्ये साखळी लावण्याचा प्रकार तर सर्वांत वाईट, कारण पांढऱ्या काठीला साखळी लागत नाही, गुडघ्याला लागते. खुंट पुरेशा अंतराने लावून चारचाकी अडवावी आणि दुचाकीचे काम वाहतूक पोलिसांच्या दंडपावतीवर सोडावे, याखेरीज मला दुसरा मार्ग दिसत नाही.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की, फोडून पुन्हा बांधणे महाग असते. रस्ता कोणत्याही कारणाने खोदलाच आहे, मलनिस्सारण असो वा विजेच्या तारा असोत, तर तो बुजवताना उतार नीट करायला वेगळा पैसा फारसा लागत नाही. लागते ते जागेवर उभे राहून पाहणारे माणूस.

खाजनकर

वकिली व्यवसायात असल्यामुळे कायद्याची बाजू मांडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४१ मध्ये वाहतुकीच्या साधनांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, म्हणजे सुगम रस्ता ही मेहेरबानी नसून कायद्याने सांगितलेले काम आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ मध्ये नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, तेव्हा ती मुदत कधीच उलटून गेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांपैकी पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा ज्या गोष्टी बंधनकारक करतो त्यांना नियमाने केवळ शिफारशींचे स्वरूप दिले होते. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि ते फुटपाथ दिव्यांगांना वापरता येतील असे असावेत, हेही त्यात आले.

असे असले तरी माझा सल्ला असा की पहिल्याच पत्रात न्यायालयाचे नाव घेऊ नये. ‘फुटपाथ खराब आहे’ असे पत्र कोणत्याही टेबलावर पडून राहते; ‘अमुक फाटकासमोर, नदीच्या बाजूला, उताराची लांबी ५० सेंटिमीटर आणि उंची १५ सेंटिमीटर’ असे पत्र पडून राहू शकत नाही, कारण त्यावर कोणाला तरी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहावे लागते. पत्र महापालिकेला आणि रस्ता ज्या खात्याकडे असेल त्या खात्याला एकाच वेळी द्यावे, म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळण्यात महिने जात नाहीत. प्रत राज्य दिव्यांगजन आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावी. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव याच आयुक्तालयाच्या पुढाकाराने झाला होता, तेव्हा विषय त्यांना नव्याने समजावून सांगावा लागणार नाही.

आबोली

मिरामारच्या टोकाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी तेथेच राहते.

मिरामार सर्कलला पोहोचणे म्हणजे मिरामारला पोहोचणे नव्हे. चौकात सिग्नल असेल तर वाहने कधीतरी थांबतात, वर्तुळात ती थांबतच नाहीत, फक्त हळू होतात, आणि शनिवार-रविवारी तेही होत नाही. झेब्रा पट्टे वर्तुळाच्या अगदी तोंडाशी असले की चालकाचे लक्ष उजवीकडून येणाऱ्या गाडीकडे असते, डावीकडे रस्ता ओलांडणाऱ्याकडे नसते. पट्टे एका गाडीच्या लांबीइतके मागे घेतले, तर गाडी आधी पादचाऱ्याला सामोरी जाईल आणि मग वर्तुळाला. वेळेचाही हिशेब पाहा. रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे; त्या वेगाने १४ मीटर रुंदी ओलांडायला बारा सेकंद लागतात. काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला साडेसतरा सेकंद लागतात. मधल्या दुभाजकात थांबण्यापुरती सपाट जागा असेल तर हे निभते; तेथे झाडांच्या कुंड्या असतील तर निभत नाही.

वाळूविषयी स्पष्टच सांगते: साधी व्हीलचेअर वाळूत जात नाही, पुढची चाके रुततात. बांदोडकरांच्या समाधीच्या बाजूने पक्क्या जमिनीवरून जितके पुढे जाता येते तितके जावे, आणि तेथून आग्वादच्या दिशेने होणारा सूर्यास्त चांगला दिसतो. भाऊंना पहिल्या दिवशी तेवढ्यावर समाधान मानावे लागेल.

मांडवीकाठ

आबोलीताई, हे बंधूंना वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे, समुद्र दिसल्याशी कारण, पाय भिजवायची हौस कधीच नव्हती.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मोजणीला निघू या. कांपालच्या कला अकादमीच्या फाटकापासून सुरुवात करू आणि नदीच्या बाजूनेच सर्कलपर्यंत जाऊ. परतताना दुसऱ्या बाजूच्या नोंदी घेऊ. पाच मीटरची मोजपट्टी, खडू आणि पातळी तपासायची पट्टी मी आणतो. प्रत्येक सांध्याची रुंदी, उंची, उताराची लांबी, उंचवट्यांच्या लाद्या, आणि पाणी साचल्याच्या खुणा, एवढे लिहायचे. बाकांमधले अंतर सुरंगीताईंनी मोजावे. पांढरी काठी यांनी आमच्या पुढे चालावे, आम्ही मागून पाहू. ते जेथे थांबतील तेथे खडूची खूण होईल.

पांढरी काठी

येतो. मात्र मला कोणी ‘डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या’ असे सांगू नये, नाहीतर मोजणी माझी न होता तुमची होईल.

निवृत्त आरेखक

पाणपातळीची नळी माझ्याकडे आहे, ती आणतो. छोट्या पट्टीने लांब उताराचा अंदाज चुकतो. एक पाहून ठेवा: झाडांच्या मुळांनी उचललेल्या लाद्यांसाठी मुळे तोडण्याची मागणी पत्रात अजिबात जाऊ देऊ नका. एवढ्या मोठ्या झाडाची आधाराची मुळे तोडली तर ते वाऱ्यात उभे राहत नाही. तेवढ्या पट्ट्यात लाद्या काढून फुटपाथ हलकेच उचलून घ्यावा किंवा बुंध्याला वळसा द्यावा.

खाजनकर

पत्र सप्टेंबर संपण्यापूर्वी गेले पाहिजे. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून, बहुधा नोव्हेंबरमध्ये, येथेच भरतो आणि त्याची कामे कांपाल परिसरात त्याआधी काही आठवडे सुरू होतात; मंडपाचे खांब, तारांचे आच्छादन आणि प्रवेशाच्या कमानी या सगळ्यांना फुटपाथच सापडतो. ‘तात्पुरत्या उभारणीच्या वेळीही ९० सेंटिमीटरची मोकळी वाट राखावी आणि तारांवरून व्हीलचेअर जाईल असे आच्छादन घालावे’ हे वाक्य वेगळ्या परिच्छेदात लिहा, म्हणजे कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकांच्या वेळीही तेच दाखवता येईल. मसुदा मी सोमवारी येथेच टाकतो. मोजणीचे आकडे मिळाले की रिकाम्या जागा भरून टाका.